इंग्लंडच्या खेड्यात घर घेतलंत? उंदीर-खारींच्या मागे लागण्याआधी या चुका टाळा

इंग्लंडमध्ये शहराबाहेर जुनं घर आणि त्यामागे एकर-दीड एकर जमीन घेतली, की सोबत काही बिनभाड्याचे भाडेकरूही येतात. माळ्यावर खारी, कोंबड्यांच्या खुराड्याखाली उंदीर, हिरवळीवर मोलने (जमिनीखाली बोगदे खणणारा छोटा प्राणी) काढलेले मातीचे ढीग. बंदोबस्त करायचा तर इथला कायदा एका गोष्टीपुरता तरी नीट समजून घ्या: प्राणी त्रास किती देतो, हा प्रश्न फार नंतर येतो. आधी विचारलं जातं की प्राणी कोणता, साधन कोणतं आणि महिना कोणता. माळ्यावर उंदीर असेल तर आज रात्रीच सापळा लावा, कुणी हरकत घेणार नाही. करडी खार असेल तर पकडू शकता, पण सोडू शकत नाही. आणि वटवाघूळ असेल तर हातही लावायचा नाही. चुका बहुतेक वेळा सापळा लावण्याआधीच होऊन बसलेल्या असतात.

(खाली लिहिलंय ते मुख्यतः इंग्लंडबद्दल. वेल्स आणि स्कॉटलंडचे नियम वेगळे आहेत आणि काही बाबतींत जास्त कडक.)

चोर कोण, हे न बघताच सापळा

माळ्यावर खुडबुड ऐकली की आधी वेळ बघा. पहाटे आणि दिवसा धावपळ असेल तर बहुधा खार, रात्री असेल तर उंदीर किंवा घूस (म्हणजे इथला मोठा तपकिरी उंदीर). मग टॉर्च घेऊन वर जा आणि लेंड्या शोधा. हातमोजा घालून एक लेंडी कागदावर ठेवा आणि दाबा. उंदराची वाळलेली लेंडी कडक असते. वटवाघळाची लेंडी दाबताच भुगा होते आणि त्या भुग्यात किड्यांच्या पंखांचे तुकडे चमकतात. ही तपासणी फुकटात होते आणि मोठ्या दंडापासून वाचवते. १९८१ चा वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड ॲक्ट आणि नंतरचे अधिवास-संरक्षणाचे नियम यांमुळे सगळ्या जातींच्या वटवाघळांना संरक्षण आहे, आणि ते फक्त प्राण्याला नाही, त्याच्या वस्तीच्या जागेलाही. वटवाघळं हिवाळ्यात दुसरीकडे गेलेली असली, माळा रिकामा असला, तरी त्यांची वाट बुजवणं गुन्हाच. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद आणि दंडाला वरची मर्यादा नाही. छप्पर दुरुस्ती, लाकूड पोखरणाऱ्या किड्यांचं औषध, माळ्यावर माश्यांचा फवारा, ही कामंही त्यात येतात. बॅट कॉन्झर्वेशन ट्रस्टच्या हेल्पलाइनला फोन करा. घरमालकांना नॅचरल इंग्लंड या सरकारी निसर्ग-संरक्षण संस्थेतर्फे मोफत सल्ला मिळतो आणि काम कोणत्या महिन्यात करायचं तेही कळतं.

दुसरी गफलत पाण्याकाठी होते. तळ्याच्या किंवा ओढ्याच्या काठावर बिळं दिसली की घूस समजून लोक विषाच्या पेट्या मांडतात. ते वॉटर व्होल, म्हणजे पाण्याकाठी राहणारा उंदरासारखा छोटा प्राणी, असू शकतं, आणि २००८ पासून इंग्लंडमध्ये त्याला पूर्ण संरक्षण आहे. फरक ओळखता येतो. घुशीचं नाक टोकदार, कान उघडे, शेपूट लांब आणि खवलेदार. वॉटर व्होलचं तोंड बोथट, कान लोकरीत दडलेले, शेपूट आखूड आणि केसाळ. त्याच्या बिळाच्या तोंडाशी गवत कातरून ठेवल्यासारखं आखूड असतं. खात्री होईपर्यंत काठावर काहीही मांडू नका.

"पकडतो आणि लांब रानात सोडतो"

मनाने चांगली माणसं हीच चूक करतात. करडी खार मूळची उत्तर अमेरिकेतली. १८७६ मध्ये चेशरमध्ये सोडल्याची पहिली नोंद आहे, आणि तिच्यामुळे इथली लाल खार बऱ्याच भागांतून हटली. म्हणून २०१९ च्या परकीय जातींविषयीच्या आदेशानुसार पकडलेली करडी खार पुन्हा सोडणं बेकायदा आहे, मग ते दहा मैलांवर असो की स्वतःच्याच बागेत. पिंजरा लावलात म्हणजे तिला वेदना न देता मारण्याची जबाबदारी तुमची. बादलीत बुडवणं हा मार्ग नाही. त्याबद्दल इंग्लंडमध्ये खटला होऊन शिक्षा झालेली आहे. पिंजऱ्यात सापडलेला प्राणी तुमच्या ताब्यात येतो आणि त्याला २००६ चा ॲनिमल वेल्फेअर ॲक्ट लागू होतो.

माझं मत स्पष्ट आहे: मारण्याची तयारी नसेल तर जिवंत पकडणारा पिंजरा आणूच नका. तो दयाळू वाटतो, पण दोन दिवस न पाहिलेला पिंजरा हा बागेतला सगळ्यांत क्रूर प्रकार. पिंजरा रोज किमान एकदा बघायचा, उन्हात-पावसात उघडा ठेवायचा नाही. उंदरांसाठी साधा फटकन मिटणारा सापळा त्यापेक्षा खूप बरा, कारण तो क्षणात काम संपवतो. खार किंवा सशासाठी स्प्रिंगचा सापळा हवा असेल तर तो सरकारमान्य यादीतला आणि त्याच प्राण्यासाठी मंजूर झालेला असावा. माळ्यावरच्या पेटीत मिळालेला आजोबांच्या काळातला लोखंडी जबड्याचा सापळा भिंतीवर शोभेला टांगा. तो वापरणं १९५० च्या दशकापासून बंद आहे.

चिकट बोर्डांबद्दल (ज्यांवर उंदीर चिकटून अडकतो) एवढंच: इंग्लंडमध्ये ३१ जुलै २०२४ पासून घरमालकाने ते लावणं गुन्हा आहे. परवाना फक्त व्यावसायिकांना, तोही अपवादाने. वेल्समध्ये २०२३ पासून पूर्ण बंदी. ऑनलाइन विकत मिळतात म्हणजे वापरता येतात, असं समजू नका.

आत प्राणी असताना भोक बुजवणं

खारी वर्षातून साधारण दोनदा वितात, एकदा हिवाळ्याच्या शेवटी आणि एकदा उन्हाळ्यात. त्या काळात छपराच्या कडेचं भोक बंद केलंत तर पिल्लं आत उपाशी मरतात आणि आई परत शिरण्यासाठी लाकूडच काय, शिशाचा पत्राही कुरतडते. मग वास, माश्या आणि सुताराचं बिल.

बुजवण्याआधी भोकात वर्तमानपत्राचा बोळा सैलसर कोंबून ठेवा. दोन-तीन दिवस कोरड्या हवेत तो जागचा हलला नाही तर आत-बाहेर कुणी नाही. हलला तर थांबा, किंवा एकाच दिशेने उघडणारं दार बसवून घ्या, पण तेही पिल्लं नसल्याची खात्री करूनच. मग जाड वेल्डेड जाळी स्क्रूने ठोका. फोम भरू नका, तो खारीला आणि उंदराला वडीच्या पाकासारखा वाटतो. छपरावर झुकलेल्या फांद्या दोन-तीन मीटर मागे छाटा. उंदराच्या पिल्लाला पेन्सिलीएवढी फट पुरते, घुशीला अंगठ्याएवढी. म्हणून पाइप भिंतीत शिरतात ती जागा, दाराखालची फट आणि वायुवीजनाच्या विटा, हे सगळं हाताने चाचपून बघा.

विष म्हणजे पहिला उपाय

सगळ्यांत जास्त नुकसान इथे होतं. उंदीर मारण्याची बहुतेक औषधं रक्त गोठू न देणारी असतात. उंदीर लगेच मरत नाही, चार-पाच दिवस किंवा जास्त फिरत राहतो, मंद होतो आणि मग गव्हाणी घुबडाला, केस्ट्रेल या छोट्या शिकारी पक्ष्याला किंवा कोल्ह्याला सहज सापडतो. ब्रिटनमध्ये तपासलेल्या बहुसंख्य गव्हाणी घुबडांच्या यकृतात या औषधांचे अंश सापडत आले आहेत. म्हणूनच ब्रोमॅडिओलोन आणि डायफेनाकूम ही औषधं इमारतींपासून दूर, मोकळ्या शेतात वापरण्याची मान्यता २०२४ मध्ये काढून घेतली गेली. शेजारच्या शेतकऱ्याने जुनी बादली दिली तरी ती घेऊ नका. व्यावसायिक पॅक विकत घेण्यासाठी आणि वापरण्यासाठी प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. दुकानात सर्वांना मिळतं ते कमी तीव्रतेचं असतं, आणि त्याच्या लेबलवर लिहिलेली प्रत्येक अट कायद्याने बंधनकारक आहे. "फक्त घरात" लिहिलं असेल तर खुराड्याखाली ठेवणं गुन्हा.

नेहमीच्या तक्रारी आणि त्यांची कारणं:

आमिषाला तोंडच लावत नाहीत. घूस नव्या वस्तूला घाबरते. पेटी किंवा सापळा भिंतीला लागून मांडा आणि काही दिवस हलवू नका. सापळा असेल तर आधी न ताणता त्यावर शेंगदाण्याचं लोणी लावून ठेवा. ते संपायला लागलं की ताणा. रोज जागा बदलत राहिलात तर महिना जाईल.

भरपूर खातात, पण मरत नाहीत. दक्षिण इंग्लंडच्या बऱ्याच भागांत, विशेषतः हॅम्पशर-बर्कशरकडे, उंदरांमध्ये काही औषधांना आनुवंशिक प्रतिकार तयार झालाय. तिथे तेच औषध जास्त घालणं म्हणजे उंदरांना खुराक आणि घुबडांना विष. थांबा आणि व्यावसायिकाला विचारा.

मेले, पण पुन्हा आले. कारण जेवण चालू आहे. रात्री उघडं राहिलेलं कोंबड्यांचं खाद्य, पक्ष्यांच्या फीडरखाली सांडलेले दाणे, शिजवलेलं अन्न घातलेला कंपोस्टचा ढीग. खाद्य झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा आणि पाय ठेवल्यावर उघडणारा फीडर कोंबड्यांना लावा. दोन-तीन आठवडे पक्ष्यांना दाणे देणं बंद केलं तर निम्मं काम होतं, असा माझा तरी अनुभव.

मेलेले उंदीर रोज शोधून हातमोज्यांनी उचला. घुशींच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. कुत्र्याने आमिष खाल्लं असेल तर लक्षणांची वाट पाहू नका, पॅकेट घेऊन थेट पशुवैद्याकडे जा, व्हिटॅमिन के-१ हा उतारा आहे. उंदीर फार झाले तर १९४९ च्या कायद्यानुसार घरमालकाने कौन्सिलला (स्थानिक पालिकेला) कळवणं अपेक्षित आहे. कळवलं नाही आणि शेजाऱ्याने तक्रार केली, तर कौन्सिल नोटीस काढून काम करून घेते.

बागेत आणि कुरणात

सशांबाबत कायदा उलट बाजूने बोलतो. १९५४ च्या पेस्ट्स ॲक्टखाली इंग्लंडचा जवळजवळ सगळा भूभाग सशांच्या नियंत्रणाचा प्रदेश ठरलेला आहे, म्हणजे तुमच्या जमिनीवरचे ससे शेजारच्या पिकाला नडणार नाहीत हे बघणं तुमचं काम. मारणं जमत नसेल तर कुंपण घाला: ३१ मिलिमीटर जाळी, जमिनीवर साधारण ९० सेंटिमीटर, आणि खालची १५ सेंटिमीटर बाहेरच्या बाजूला वळवून गवताखाली पुरलेली. जाळी आत वळवली तर ससा खणून आत येतो. ही चूक मी अनेक बागांमध्ये पाहिली आहे. आजारी ससा आणून रोग पसरवणं हा त्याच कायद्याखाली गुन्हा.

मोलसाठी मातीच्या ढिगात सापळा लावून उपयोग नाही. ढीग हा त्याने टाकलेला कचरा. दोन ढिगांमधल्या बोगद्यात, ढिगापासून थोड्या अंतरावर, काठीने टोचून पोकळी शोधा आणि तिथे लावा. स्ट्रिकनीन २००६ पासून बंद आहे आणि धुरीच्या गोळ्यांना प्रमाणपत्र लागतं. ढिगांची माती कुंड्यांसाठी उत्तम असते, फार त्रास नसेल तर तेवढी गोळा करा आणि सोडून द्या. आवाजाने पळवणाऱ्या सौर काठ्यांवर पैसे घालवू नका.

बॅजरने (बिळात राहणारा, काळ्या-पांढऱ्या तोंडाचा प्राणी) हिरवळ उकरली तर त्याला नाही, हिरवळीतल्या अळ्यांना बघा, तो त्यांच्यासाठी येतो. १९९२ च्या कायद्याने बॅजर आणि त्याचं बीळ दोन्ही सुरक्षित आहेत. बिळाचं तोंड बुजवणं, त्यावर खोदकाम करणं, कुत्रं सोडणं, सगळ्यालाच शिक्षा आहे. बागेपुरतं विजेचं कुंपण चालतं, पण बॅजर तारेखालून शिरतो म्हणून पहिली तार अगदी खाली हवी. कोल्ह्यासाठी कोंबड्यांच्या जागेची जाळी बाहेर पसरवून जमिनीत पुरा आणि खुराड्याचं दार अंधार पडण्याआधी लावा. विष घालणं किंवा बिळात धूर सोडणं बेकायदा आहे.

पक्षी आणि जनरल लायसन्स

"कबुतरं तर मारता येतात," असं पबमध्ये सांगितलं जातं. ते अर्धंच खरं. इंग्लंडमध्ये वूड पिजन (रानकबुतर), मॅगपाय आणि कॅरियन क्रो (कावळ्याच्या कुळातले पक्षी) यांसारख्या थोड्या जातींसाठी जनरल लायसन्स, म्हणजे सर्वांना लागू असलेले सरकारी परवाने, आहेत. अर्ज करावा लागत नाही, पण प्रत्येकाचं कारण ठरलेलं आहे: पिकाचं गंभीर नुकसान, सार्वजनिक आरोग्य, किंवा दुर्मिळ पक्ष्यांचं रक्षण. गाडीवर घाण करतात, हे कारण यादीत नाही. आधी जाळी-बुजगावणं करून पाहिल्याचं दाखवता यायला हवं. सीगलसाठी वेगळा परवाना लागतो. आणि कोणत्याही पक्ष्याचं चालू घरटं काढणं हा गुन्हा, म्हणून पागोळीखालचं काम आणि हेज (झुडपांचं कुंपण) कापणं मार्च ते ऑगस्ट टाळा. शेतजमिनीवरच्या हेजबाबत २०२४ च्या नियमांनी हेच महिने बंदीचे केले आहेत.

गांधीलमाश्यांचं पोळं वाटेवर नसेल तर हात लावू नका. थंडी पडली की ते आपोआप रिकामं होतं आणि पुढच्या वर्षी कुणी तिथे परत येत नाही. मधमाश्यांचा थवा दिसला तर स्थानिक मधुमक्षिकापालक संघाला फोन करा, ते आनंदाने घेऊन जातात.

माणूस बोलावताना

कीटक-प्राणी नियंत्रणाचा धंदा करायला इथे सरकारी परवाना सक्तीचा नाही, त्यामुळे व्हॅनवर रंगवलेल्या नावाला फार किंमत देऊ नका. बीपीसीए किंवा एनपीटीए या व्यावसायिक संघटनांचं सदस्यत्व आहे का ते बघा. पहिल्या भेटीत तो खाली वाकून भिंती, पाइप आणि खाद्याचे डबे तपासतो का, की आल्याआल्या विषाचे निळे दाणे काढतो, यावरून बरंच कळतं. कोणतं औषध, किती पेट्या, कुठे, आणि शेवटचं आमिष कधी उचलणार, हे लेखी घ्या. पेट्या वर्षभर तशाच ठेवून दर महिन्याचं बिल पाठवणाऱ्याला नकार द्या.