दिएपचा तास घ्यायचाय? आधी गोटे आणा

दिएपचा छापा म्हणजे दुसऱ्या महायुद्धात, ऑगस्ट १९४२ मध्ये, जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समधल्या दिएप बंदरावर मुख्यतः कॅनेडियन सैन्याने समुद्रातून घातलेला आणि फसलेला छापा. गेल्या वर्षी नववीला तो शिकवायला गेले तेव्हा माझ्याकडे सगळं होतं. नकाशा, फोटो, आकडे, वेळापत्रक. विसाव्या मिनिटाला मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, रणगाडा किनाऱ्यावर अडकेल कसा? अलिबागला तर ओहोटीला घोडागाडी थेट किल्ल्यापर्यंत जाते." मी खडू हातात धरून उभी. उत्तर माहीत होतं, पण दाखवायला काही नव्हतं. तोंडाने सांगितलं, वर्गाने मान डोलावली, आणि पेपरात अर्ध्या मुलांनी लिहिलं की रणगाडे वाळूत रुतले.

म्हणून यादीत पहिली गोष्ट गोटे. किनारा म्हटलं की आपल्या पोरांना वाळू दिसते, त्यात त्यांचा दोष नाही. दिएपला मात्र रणगाड्यांना चढायचं होतं ते गोट्यांच्या ढिगांवरून. लिंबापासून मुठीएवढे, गुळगुळीत, टणक गारगोटीचे गोटे, आणि तेही चढावर. बागेत घालायचे नदीचे गोटे नर्सरीत पोत्याने मिळतात, ते आणा. रस्त्याची खडी चालणार नाही. खडी एकमेकींत अडकून घट्ट बसते, आपल्याला पायाखालून सरकणारा दगड हवाय. दोन घमेली घ्या, एकात वाळू, एकात गोटे, दोन्ही विटेवर तिरकी ठेवा. पट्ट्यावर चालणारा खेळण्यातला जेसीबी कुणा ना कुणाच्या घरी असतोच. त्याच्यासाठी शेंगदाण्याएवढे बारीक गोटे वेगळे ठेवा. तो वाळूवर कसाबसा चढेल. गोट्यांवर पट्टा जागच्या जागी फिरेल, किंवा मध्ये एखादा गोटा अडकून पट्टा निसटेल. यापुढे मला काही बोलावं लागत नाही.

हा प्रयोग आदल्या दिवशी घरी करून बघा. आमच्या जेसीबीचा सेल संपलेला होता.

नकाशा, प्रोजेक्टर, खडू वगैरे तुम्हाला कळतं.

नकाशावर फक्त चार नावं लिहा, जास्त लिहिलीत तर मुलं हरवतात. मधोमध दिएप. पूर्वेला प्युई, पश्चिमेला पूरव्हिल, आणखी पश्चिमेला वारँजव्हिल. वारँजव्हिलचं जरूर सांगा, कारण तिथे लॉर्ड लोव्हॅट या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या कमांडोंनी जर्मन तोफा ठरल्याप्रमाणे निकामी केल्या. ते गाळलंत तर मुलांना वाटतं की सगळे मूर्खच होते. प्युईला मात्र थांबा. रॉयल रेजिमेंट ऑफ कॅनडा तिथे वीसेक मिनिटं उशिरा पोचली. अंधार गेला होता, जर्मन जागे होते, समोर कड्यांच्या मधली चिंचोळी पट्टी आणि काटेरी तार लावलेली भिंत. साडेपाचशेच्या आसपास माणसं उतरली, त्यातली दोनशेहून जास्त मेली. उशीर म्हणजे काय, हे मुलांना यापेक्षा चांगलं कशानेच समजत नाही. इथे थट्टा होऊ देऊ नका. याच कारणासाठी "तुम्ही सेनापती असता तर" असला खेळ मी घेत नाही. घेऊन पाहिलाय, दहा मिनिटांत व्हिडिओ गेम होतो.

आता आकडे. सुमारे ५,००० कॅनेडियन निघाले, २,२०० च्या आसपास परतले. ९०० हून जास्त मेले, १,९४६ कैद झाले. फळ्यावर एवढेच. विमानांचे आकडे विचारलेच तर सांगा.

रणगाड्यांचे आकडे मात्र पाठ करून जा, कारण गोट्यांचा प्रयोग झाला की मुलं लगेच "गोट्यांमुळे हरले" असं लिहून मोकळी होतात. २९ चर्चिल रणगाडे उतरवले. दोन बुडाले. उरलेल्या २७ पैकी १५ दिएपच्या किनाऱ्यालगतची भिंत ओलांडून पुढे गेले, आणि गावात शिरणाऱ्या गल्ल्या काँक्रीटने बंद असल्यामुळे तिथेच फिरत राहिले. म्हणजे गोटे हे एक कारण. मोठी युद्धनौका नव्हती, आठ विनाशिकांच्या लहान तोफांवर भिस्त होती, आधी ठरलेला जोरदार बाँबहल्ला रद्द केला होता, कड्यांवरच्या मशीनगन शाबूत होत्या. हे सगळं सांगायचं. पण गोट्यांनंतर! आधी सांगितलंत तर ती नुसती यादी होते.

आणि गोटे का विसरायचे नाहीत याचं खरं कारण इथे आहे. हा किनारा रणगाड्यांना चालेल का, याचा अंदाज आखणी करणाऱ्यांनी लोकांच्या सुट्टीतल्या जुन्या फोटोंवरून बांधला होता. फोटोत गोटे दिसतात, पण पायाखालून सरकलेले दिसत नाहीत. मीही वर्गात फोटोच लावला होता. अख्ख्या तासाची तयारी करून तीच चूक!

माउंटबॅटनचं नाव आलं की वर्ग १९४७ वर उडी मारतो. एका वाक्यात सांगा की छाप्याची आखणी करणाऱ्या खात्याचा प्रमुख तोच, आणि परत दिएपला या. "यातून शिकले म्हणून पुढे नॉर्मंडी जमलं" (म्हणजे १९४४ ची फ्रान्सच्या किनाऱ्यावरची मोठी चढाई) हे तो पुढे स्वतः सांगायचा. ते त्याचं म्हणणं म्हणून सांगा, निष्कर्ष म्हणून वहीत उतरवून देऊ नका. मुलांना भांडू द्या.

कानगोष्टींचा खेळ पाच मिनिटं. कॅनेडियन सैन्याचा सेनापती जनरल रॉबर्ट्स जहाजावर, समोर धूर, निरोप तुटक. किनारा हाती आलाय असं समजून त्याने राखीव तुकडीही उतरवली. खेळ झाला की मुलांना हे आपोआप कळतं.

माघार अकराच्या सुमाराला सुरू, दुपारी दोनपर्यंत सगळं संपलं. तुमचाही तास संपत आलेला असेल. गृहपाठ एक प्रश्न, जास्त नको.

घंटेआधी गोटे मोजून परत घ्या. आमचे दोन खिडकीबाहेर गेले. घमेली शिपाईमामांना धुवून द्या, नाहीतर पुढच्या वेळी मिळणार नाहीत. पोतं जिन्याखाली ठेवा आणि वर चिठ्ठी लावा, "टाकू नये. इतिहास."