ठोसा पायातून निघतो: नव्या बॉक्सरांसाठी

नवी पोरं आली की आधी बायसेप्स दाखवतात. अरे बाबांनो, ठोसा पायातून निघतो, कमरेतून वळतो. हात फक्त पोचवतो. म्हणून आठवड्यातून दोनदा स्क्वॉट (वजन घेऊन बैठका), डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणं), पुल-अप (दांड्याला लटकून अंग वर ओढणं). प्रत्येकाचे पाच-पाच वेळांचे तीन सेट, मध्ये दोन-तीन मिनिटं दम खा. पाठ वाकायला लागली की वजन कमी करा. स्पारिंगच्या, म्हणजे जोडीदाराशी सरावाच्या लढतीच्या, आदल्या दिवशी पायांचा जड व्यायाम नको. पुण्यातल्या पर्वती टेकडीच्या पायऱ्या पळत चढा, उतरताना मात्र चालत या. गुडघे पुढेही लागणारेत.

आता पोट. 60 किलोच्या पोराला दिवसाला साधारण 100 ग्रॅम प्रथिनं लागतात. एका अंड्यात जेमतेम 6 ग्रॅम, तेव्हा दोन अंड्यांवर भागत नाही. मटकीची उसळ, पनीर, चिकन, दही, डाळ दिवसभरात वाटून घ्या. सरावाच्या तीन तास आधी भाकरी-भाजी, अर्धा तास आधी केळं. मिसळ सुट्टीच्या दिवशी. तर्री पोटात घेऊन दोरीच्या उड्या मारायच्या म्हणजे छळ.

वजनगटात बसायला पाणी पिणं बंद करणं, स्वेटर घालून घाम गाळणं माझ्याकडे चालत नाही. दीड महिना आधीच रात्रीचा भात निम्मा करा. आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी बास. रोज सकाळी उपाशीपोटी, एकाच काट्यावर वजन करून वहीत लिहा.