थंडीत कुडकुडायचं नसेल तर: स्लीपिंग बॅग कशी निवडावी, कशी वापरावी

स्लीपिंग बॅग स्वतः गरम होत नाही. ऊब तयार करतं ते आपलं शरीर. बॅगेतलं भरण फुगतं, त्यात हवा अडकते आणि ती स्थिर हवा आपली ऊब बाहेर निसटू देत नाही. एवढं डोक्यात ठेवलं की बॅग विकत घेताना होणारा निम्मा गोंधळ मिटतो. उरलेला निम्मा आकड्यांचा असतो, तिथूनच सुरुवात करू.

१. आधी रात्रीचं तापमान शोधा

बॅग बघायला लागण्याआधी मुक्कामाच्या जागी रात्री किती थंडी पडते ते पाहा. दुपारचा आकडा इथे उपयोगाचा नाही. पारा सगळ्यात खाली जातो तो पहाटे, सूर्य उगवायच्या सुमारास. हवामानाचा अंदाज पायथ्याच्या गावाचा मिळत असेल आणि तुम्ही वर डोंगरावर राहणार असाल, तर दर १००० मीटर उंचीला साधारण ६.५ अंश सेल्सिअस वजा करा. हा ढोबळ हिशेब आहे, पण बॅग निवडायला पुरतो.

जागेचाही फरक पडतो. थंड हवा जड असते. निरभ्र, शांत रात्री ती उतारावरून खाली ओघळते आणि दरीच्या तळाशी साचते. त्यामुळे ओढ्याकाठची सपाट, देखणी जागा फोटोत छान दिसली तरी रात्री तिथेच जास्त गारठा आणि जास्त दव असतं. तिथून थोडं वर, वाऱ्याचा आडोसा बघून तंबू लावला तर तीच बॅग जास्त उबदार वाटते.

२. लेबल वाचताना मोठ्या आकड्याला भुलू नका

बऱ्याच बॅगांवर तीन तापमानं दिलेली असतात: कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम. ही तापमानं कशी मोजायची हे ठरवणारं ईएन १३५३७ हे मानक युरोपात २००२ साली आलं आणि पुढे २०१६ मध्ये आयएसओ २३५३७ ने त्याची जागा घेतली. चाचणीसाठी माणसाच्या आकाराचा, गरम होणारा, सेन्सर लावलेला पुतळा बॅगेत ठेवतात आणि त्याच्यातून किती उष्णता निघून जाते ते मोजतात. पुतळ्याच्या अंगात आतले लांब बाह्यांचे कपडे आणि पायात मोजे असतात, खाली मॅट असते. म्हणजे हे आकडे उघड्या अंगाने, नुसत्या जमिनीवर झोपणाऱ्यासाठी नाहीतच.

कम्फर्ट म्हणजे सर्वसाधारण स्त्री हातपाय सैल सोडून आरामात झोपू शकेल ते तापमान. लिमिट म्हणजे सर्वसाधारण पुरुष अंग आक्रसून, पाय पोटाशी घेऊन, कसाबसा न कुडकुडता रात्र काढेल ते. आणि एक्स्ट्रीम हा झोपेचा आकडाच नव्हे. त्या तापमानाला सहा तास जीव तगेल, पण शरीराचं तापमान धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतं, असा त्याचा अर्थ.

जाहिरातीत मात्र बॅगेच्या नावाला चिकटून येतो तो अनेकदा लिमिटचा आकडा, आणि काही स्वस्त बॅगांवर तर एक्स्ट्रीमचा. तुम्ही पुरुष असा की स्त्री, माझा सल्ला एकच: कम्फर्टचा आकडा बघा आणि तो अपेक्षित थंडीपेक्षा चार-पाच अंशांनी खाली असू द्या. दमलेल्या, उपाशी किंवा मुळातच थंडी जास्त वाजणाऱ्या माणसाला ते चार अंश हवेच असतात. उकडलं तर चेन उघडता येते. बॅग कमी पडली तर रात्री दोन वाजता दुसरी कुठून आणणार? लेबलवर एकच आकडा असेल आणि तो कशाचा हे लिहिलेलं नसेल, तर ती बॅग परत ठेवून द्यावी.

३. पिसं की सिंथेटिक?

बदकाची किंवा हंसाची मऊ पिसं, म्हणजे डाऊन, वजनाला हलकी असतात, दाबली की मुठीएवढी होतात आणि नीट सांभाळली तर वर्षानुवर्षं टिकतात. त्यांची एकच मोठी खोड आहे. भिजली की त्यांचे गोळे होतात, फुगवटा जातो आणि ऊबही जाते. पाणी सहज न धरणारं, प्रक्रिया केलेलं डाऊन मिळतं. ते दमट हवेत थोडं जास्त तग धरतं, पण ते वॉटरप्रूफ नसतं.

डाऊनच्या बॅगेवर ६०० किंवा ८०० असा ‘फिल पॉवर’चा आकडा दिसतो. एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम पिसं किती घन इंच जागा भरतात ते तो सांगतो. इथे बरेच जण फसतात. ८०० हा आकडा पिसांचा दर्जा सांगतो, बॅगेत ती किती भरली आहेत ते नाही. ८०० ची पिसं थोडीशीच भरलेली बॅग ६०० ची भरपूर पिसं भरलेल्या बॅगेपेक्षा गार असू शकते. म्हणून भरणाचं वजनही विचारा.

सिंथेटिक भरण जड असतं, जास्त जागा खातं आणि वारंवार दाबून काही वर्षांत बसतं. पण ओलं झालं तरी थोडीफार ऊब धरतं, लवकर वाळतं आणि स्वस्त असतं. पाठीवर सामान घेऊन दिवसचे दिवस चालायचं असेल आणि हवा कोरडी असेल तर डाऊन घ्या. गाडीतून तंबूपर्यंतच जायचं असेल, पावसाची शक्यता असेल किंवा लहान मुलं सोबत असतील तर सिंथेटिकच बरं.

४. आकार आणि माप आत शिरूनच ठरवा

पायाकडे निमुळती होणारी, डोक्याला टोप असलेली ‘ममी’ बॅग सगळ्यात उबदार, कारण आत तापवायला रिकामी जागा कमी असते. चौकोनी बॅग ऐसपैस असते, उलगडून पांघरूण म्हणूनही चालते, पण थंडीत गार पडते. मधल्या आकाराच्या बॅगाही मिळतात. कुशीवर झोपणाऱ्यांना त्या सोयीच्या पडतात.

शक्य असेल तर बॅग जमिनीवर पसरून आत झोपून बघा. टाचा टोकाला टेकून कापड ताणलं जात असेल तर तिथलं भरण चेपेल आणि पाय गार पडतील. उलट पायापलीकडे वीतभर मोकळी जागा उरत असेल तर ती रात्रभर तुम्हालाच तापवावी लागेल. आता डोळे मिटा. चेन आतून वर ओढा, टोपाची दोरी एका हाताने आवळा, मग दोन्ही सोडवून बाहेर या. अंधारात नेमकं हेच करायचं असतं. चेन कापडात अडकत असेल तर तिच्या मागे कडक पट्टी आहे का ते पाहा. चेनच्या आतल्या बाजूने भरण घातलेली लांब नळी हवीच, नाहीतर दातांच्या फटीतून गार हवा आत येत राहते. थंड प्रदेशासाठी खांद्याभोवती तशीच जाड कॉलर असलेली बॅग घ्या.

५. मॅटवर पैसे वाचवू नका

चांगली बॅग घेऊनही पाठ गारठते, याचं कारण बहुतेक वेळा खाली असतं. अंगाच्या वजनाने बॅगेचं खालचं भरण चेपून सपाट होतं आणि चेपलेल्या भरणात हवा उरत नाही. जमिनीची थंडी अडवायचं काम मग मॅटचं. मॅटची ही ताकद ‘आर-व्हॅल्यू’मध्ये मोजतात आणि २०१८ च्या एएसटीएम एफ३३४० या मानकामुळे वेगवेगळ्या कंपन्यांचे आकडे एकमेकांशी ताडून बघता येतात. उन्हाळी रात्रींना १ ते २ पुरते, गार रात्रींना ३ ते ४, बर्फावर ५ च्या पुढे. दोन मॅट एकावर एक टाकल्या तर आकड्यांची चक्क बेरीज होते: २ ची फोमची आणि ३ ची हवेची मिळून ५. आत भरण नसलेली नुसती हवेची गादी मऊ लागते, पण आतली हवा फिरत राहते आणि ती गारच पडते.

६. रात्री काय करायचं

तंबू लागला की बॅग लगेच पिशवीतून काढा, झटका आणि पसरून ठेवा. अर्ध्या तासात ती फुगते.

गारठलेल्या अंगाने आत शिरलात तर बॅग तो गारठाही जपून ठेवते. आधी काहीतरी गरम खा, थोडं चाला, लघवीला जाऊन या. दिवसभराचे कपडे घामाने किंचित दमट असतात, ते कोरडे वाटले तरी बदला. मोजे तर नक्कीच. कानटोपी घाला. जाड जॅकेट घालून बॅगेत कोंबून झोपलात तर आतून भरण चेपतं, त्यापेक्षा तेच जॅकेट बॅगेवर पांघरा.

फार थंडी असेल तर पक्क्या झाकणाच्या बाटलीत गरम पाणी भरून, ती मोज्यात घालून मांड्यांमध्ये किंवा पायाशी ठेवा. झाकण गळत नाही ना, हे बाटली उलटी करून आधी तपासा. तोंड बॅगेच्या आत घेऊन श्वास सोडू नका. त्यातली वाफ भरणात जिरते आणि पहाटेपर्यंत बॅग दमट होते. टोप आवळून नाक-तोंड बाहेर ठेवा. आणि ऊब येईल म्हणून तंबूत स्टोव्ह किंवा शेगडी पेटती ठेवून कधीही झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि त्याने माणूस झोपेतच दगावतो.

७. सकाळी आणि घरी आल्यावर

उठल्यावर बॅग उलटी करून तासभर उन्हात किंवा वाऱ्यावर टाका. भरताना घडी घालू नका, पायाकडून मूठमूठ कोंबा. दरवेळी त्याच घडीवर मोडलं की भरण तिथे बसतं. घरी मात्र तिला त्या लहान पिशवीत ठेवू नका. मोठ्या सुती पिशवीत सैल ठेवा किंवा टांगा.

आत अस्तर म्हणून पातळ सुती किंवा रेशमी लायनर वापरला तर घाम आणि मळ त्यालाच लागतो आणि बॅग क्वचितच धुवावी लागते. धुवायची वेळ आली तर लेबल वाचा, डाऊनसाठी मिळणारा खास साबण घ्या आणि समोरून उघडणारं मशीन वापरा. ड्राय क्लीनिंगला डाऊन देऊ नका. ओली बॅग एका टोकाला धरून उचलली तर भिजलेल्या पिसांच्या वजनाने आतले पडदे फाटतात, म्हणून ती खालून दोन्ही हातांवर घ्या. ड्रायरमध्ये कमी उष्णतेवर, दोन-तीन टेनिसचे चेंडू सोबत टाकून वाळवा. चेंडू पिसांचे गोळे फोडतात. याला कित्येक तास लागतात. वरून कोरडी लागली तरी कप्पा-कप्पा चिमटीत धरून बघा. गुठळी हाताला लागली तर आत ओल आहे, आणखी फिरवा.