दिवाळीत घरातल्या सगळ्यांचा फोटो स्वतःच कसा काढावा

दिवाळीच्या फोटोंमध्ये घरातलं एक माणूस हमखास गायब असतं, ते म्हणजे फोटो काढणारं. बहुतेक घरांत ती आई असते. सेल्फी हा त्यावरचा उपाय नव्हे. हात पुरत नाही, सर्वांत पुढचा चेहरा भोपळ्याएवढा येतो आणि कडेवरचं पोर अर्धं कापलं जातं. त्यापेक्षा फोन कुठेतरी टेकवा, टायमर लावा आणि मुलांना हाक मारण्याआधी बाकीची सगळी तयारी उरका. दोन-चार वर्षांचं मूल फोटोसाठी फार तर पाच मिनिटं देतं. ती पाच मिनिटं ‘काका, जरा इकडे सरका’ करण्यात गेली तर हाती काही लागत नाही.

दिवस आणि वेळ

नरक चतुर्दशी टाळा. पहाटे उठवलेली मुलं नऊ वाजता पेंगत तरी असतात किंवा रडत तरी. पाडवा किंवा भाऊबीज बरी, माणसंही जमलेली असतात. या दिवसांत आपल्याकडे सूर्य सहाच्या आसपास मावळतो, त्यामुळे पाच ते साडेपाचचा उजेड उत्तम. मुलांची दुपारची झोप झालेली हवी आणि पोट भरलेलं हवं. फक्त फोटोआधी चकली देऊ नका, तेलाची बोटं थेट जरीवर उमटतात. टोचणारे नवे कपडे अगदी शेवटी चढवा.

जागा

ठाण्यात तलावपाळीचं नाव आधी सुचतं, पण दिवाळी पहाटेला तिथे आणि राम मारुती रोडवर तरुणाईची एवढी गर्दी असते की लहान मुलांना घेऊन जाऊच नये. उपवन तलाव संध्याकाळी सोयीचा. पश्चिमेला येऊरचे डोंगर असल्याने सूर्य लवकर आड जातो, उजेड मऊ होतो आणि कोणी डोळे मिचकावत नाही. वाशीच्या खाडीकिनारी उलट, सूर्य खाडीवरच मावळतो. तिथे सूर्याकडे पाठ करून बसा आणि फोनच्या पडद्यावर चेहऱ्यावर बोट दाबून उजेड वाढवा, नाहीतर सगळे काळे येतील.

घरातच काढायचा असेल तर बाल्कनीकडे तोंड करून बसा, पाठ करून नव्हे. दिवसा ट्यूबलाइट बंद ठेवा.

पण माझ्या मते सर्वांत चांगली जागा सोसायटीतला मुलांचा मातीचा किल्ला. तिथे त्यांचे हात आपोआप कामात असतात, कुणाला बसवून ठेवावं लागत नाही आणि सगळे जमिनीवर बसल्याने मोठ्यांचे आणि मुलांचे चेहरे जवळजवळ एका पातळीवर येतात. आळिवाची हिरवळ उगवलेली असेल तेव्हाच फोटो उरका, दोन दिवसांत ती पिवळी पडते. फोन विटांवर ठेवला तरी चालतो, ट्रायपॉडचं अडत नाही.

फोन

काच आधी मऊ कापडाने पुसा. फराळ तळताना हाताळलेल्या फोनवर तेलाचा थर असतो आणि फोटो धुरकट येतो. मागचा कॅमेरा वापरा, पुढच्यापेक्षा तो बहुतेक फोनमध्ये सरस असतो. पडदा दिसणार नाही, म्हणून चौकटीच्या दोन्ही कडा कुठे येतात ते एकाला उभं करून पाहा आणि जमिनीवर खडूने खूण करा. फोन मुलांच्या छातीच्या उंचीवर हवा. वरून काढला की मुलं आणखी बुटकी दिसतात. पोर्ट्रेट मोड बंद ठेवा, तो मागे बसलेल्या आजोबांना धूसर करतो. ०.५च्या रुंद लेन्सने कडेची माणसं ताणली जातात, त्यापेक्षा फोन चार पावलं मागे न्या. मग मुलाच्या जागी उशी ठेवा आणि तिच्यावर बोट दाबून धरून फोकस पक्का करा.

टायमर दहा सेकंदांचा लावा. शे-दोनशे रुपयांचा ब्लूटूथ रिमोट मिळाला तर धावाधाव वाचते. मूल अगदीच चंचल असेल तर फोटोऐवजी चांगल्या उजेडात ४के व्हिडिओ घ्या. त्याच्या एका चौकटीत सुमारे ८० लाख पिक्सेल असतात, नेहमीच्या ४×६ इंचांच्या छापील फोटोला ते भरपूर झाले.

आता मुलांना बोलवा

‘हस ना’ म्हणू नका. दात दिसतात, हसू येत नाही. किल्ल्यावरचा एक मावळा चिकटपट्टीने फोनच्या माथ्यावर बसवा आणि तो काय करतोय ते मुलांना विचारा, नजर बरोबर जागेवर जाते. शेवटचे सेकंद मोजले जात असताना सगळ्यांनी मिळून ‘एक, दोन, साडेमाडे तीन’ म्हणा आणि ‘तीन’ला मांडीवरचं पोर थोडं उचला. मोठ्यांनी मात्र मुलाकडे न बघता फोनकडेच बघायचं. चांगले फोटो मुलांमुळे कमी बिघडतात, मुलांकडे वळलेल्या आज्या-मावश्यांमुळे जास्त. मूल रडलं तर थांबा, लाडू द्या. पुन्हा रडलं तर आजचा कार्यक्रम आटोपला.

कंदील आणि पणत्यांसह फोटो हवा असेल तर सूर्यास्तानंतरच्या पंधरा-वीस मिनिटांत काढा. आकाश तेव्हा निळं असतं. पूर्ण अंधारात हलणारी मुलं धूसरच येणार. रांगोळीचा वेगळा फोटो मात्र मुलं खाली उतरण्याआधी घेऊन ठेवा. फुलबाजी मुलांच्या हातात असेल तर सुती कपडे आणि शेजारी पाण्याची बादली हवीच.

छापण्याआधी

फोनचा फोटो सहसा ४:३ प्रमाणात असतो आणि ४×६चा कागद ३:२ प्रमाणात, त्यामुळे आडव्या फोटोत वरचा आणि खालचा भाग कापला जातो. म्हणून फोटो घेतानाच डोक्यावर आणि पायाखाली थोडी जागा सोडा. स्टुडिओवाल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर फोटो दाबून लहान केला जातो.