गुडघा किंवा खुबा बदलल्यावर पायात गुठळी होऊ नये म्हणून काय करायचं

ऑपरेशन छान झालं, पेशंट चालायला लागला, की घरचे निर्धास्त होतात, पण शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका घरी आल्यावरही काही आठवडे असतोच. सांधा बदलताना हाड कापतात, आतली पोकळी कोरतात, त्याने रक्त गोठवणारी यंत्रणा एकदम कामाला लागते, वर मांडीला टूर्निके (ऑपरेशनच्या वेळी रक्त थांबवायला बांधतात तो घट्ट पट्टा) बांधला असेल तर शिरेत रक्त तुंबतं, आणि खुब्याच्या वेळी पाय वळवला की मांडीची मोठी शीर पिळली जाते.

म्हणून शुद्धीवर आल्यापासून पावलं हलवायची, बोटं स्वतःकडे ओढायची आणि मग पुढे दाबायची, जागे असाल तेव्हा दर तासाला दहा-पंधरा वेळा. पोटरीचा स्नायू आवळला की शिरेतलं रक्त वर ढकललं जातं. डॉक्टरांनी परवानगी दिली की त्याच दिवशी उभं राहायचं, दुखतंय म्हणून पडून राहू नका प्लीज.

रक्त पातळ करणारी गोळी किंवा इंजेक्शन मनाने बंद करायचं नाही. रिव्हरॉक्साबॅन असेल तर गुडघ्याला साधारण दोन आठवडे आणि खुब्याला पाच आठवडे देतात, काहींना ॲस्पिरिनच देतात, ते डॉक्टर पेशंट बघून ठरवतात. आधी कधी गुठळी झाली असेल, कॅन्सर असेल, हार्मोनच्या गोळ्या चालू असतील तर ऑपरेशनच्या आधीच सांगा. आणि ही औषधं चालू असताना आयबुप्रोफेनसारखी पेनकिलर न विचारता घेऊ नका, शौचाला काळं झालं तर लगेच फोन करा.

आता सूज. ऑपरेशन झालेला पाय सुजतोच, त्यामुळे नुसतं बघून कळत नाही. गुडघ्याखाली नडगीवर हाडाचा उंचवटा हाताला लागतो, तिथून १० सेंमी खाली पेनने खूण करा आणि दोन्ही पोटऱ्या रोज टेपने मोजून लिहून ठेवा. फरक ३ सेंमीच्या वर गेला, किंवा आकडा कमी व्हायचा सोडून वाढत चालला, पोटरी गरम लागली, दाबल्यावर दुखली, तर त्याच दिवशी दाखवा, फरक कमी आहे म्हणून बाकीची लक्षणं सोडून देऊ नका. अशी पोटरी चोळायची मात्र अजिबात नाही, गुठळी सुटून फुफ्फुसात जाऊ शकते. तपासणी डॉप्लर सोनोग्राफीने होते, डी-डायमर (गुठळीचा अंदाज घ्यायची रक्ततपासणी) ऑपरेशननंतर तसाही वाढलेलाच असतो, त्यावरून फारसं कळत नाही.

अचानक दम लागला, श्वास घेताना छातीत दुखलं, खोकल्यातून रक्त आलं किंवा चक्कर येऊन पडले, तर सकाळची वाट बघू नका, सरळ ॲम्ब्युलन्स बोलवा आणि सांधा कधी बदललाय ते पहिल्याच वाक्यात सांगा.