तापीचा महाशीर मूळचा कुठला? या चुका टाळा

डीएनए काढला की महाशीर मासा आपलं गाव, म्हणजे मूळची नदी, सांगतो, अशा समजुतीत नवखे नदीवर उतरतात. गाव ओळखायला आधी गावांची यादी लागते, आणि तीच नेमकी कुणी केलेली नसते.

मूळ ओळखणारा प्रोग्रॅम तुम्ही दिलेल्या नमुन्यांपैकी कुणाशी मासा जास्त जुळतो, एवढंच सांगतो. संदर्भसंचात, म्हणजे तुलनेसाठी दिलेल्या माशांत, फक्त नर्मदा आणि लोणावळ्याची हॅचरी (मासे पैदास केंद्र) ठेवून तापीवरच्या हतनूर धरणातला मासा घातला, तर ‘नर्मदा, ९८ टक्के’ असंही येईल. ती त्या दोघांतली वाटणी झाली. तापीचा वरचा डोह यादीतच नाही, मग त्याचं नाव येणार कुठून?

कावेरीत काय झालं पाहा. तिथल्या कुबडवाल्या महाशीरची शास्त्रीय ओळख २०१८ मध्ये पटली. तो टॉर रेमादेवीआय, केरळातल्या पांबार नदीतल्या लहान माशांवरून २००७ सालीच नाव मिळालेला. दरम्यान लोणावळ्यात वाढवलेल्या, निळ्या परांच्या (पोहायच्या पंखांच्या) टॉर खुद्री या महाशीरची बोटुकली, म्हणजे लहान पिल्लं, कावेरीत सोडून झाली होती. खुद्री हा साइक्स या इंग्रज अभ्यासकाने १८३९ साली मुळा-मुठेवरून वर्णन केलेला मासा. त्यालाच कावेरीचा नमुना धरला, की उपरा घरचा ठरतो.

म्हणून आधी संचातला एकेक मासा अनोळखी समजून तपासा. तो आपल्याच नदीत पडत नसेल, तर पुढे जाऊच नका. ‘यांपैकी कुणाचाच नाही’ या उत्तराचीही सोय ठेवा. धरणात मत्स्यबीज कुठून आलं, ते भोई मंडळींना विचारा. हे काम कंटाळवाणं म्हणून टाळतात, आणि तिथेच फसतात.

एका जाळ्यातली पन्नास पिल्लं म्हणजे बहुधा भावंडंच. जागा आणि वर्षं बदला. मायटोकाँड्रियल डीएनए फक्त आईकडचं सांगतो, त्यावरून संकर कळत नाही. सॅमन जन्मओढ्यात परततो म्हणून ओढ्याओढ्याची डीएनएतली खूण वेगळी पडते. महाशीरबाबत ते गृहीत धरू नका.

नमुन्याचंही तेच. फॉर्मॅलिन नको, त्यात डीएनए तुटतो. पराचा मुगाच्या डाळीएवढा तुकडा, त्याच्या निदान दहापट ९५ टक्के इथेनॉल, आणि दुसऱ्या दिवशी ते बदलायचं. मे महिन्यात भुसावळच्या उन्हात नळ्या गाडीत ठेवू नका. दर माशानंतर कात्री पुसून ज्योतीवर धरा. नळीवर पेनाने लिहिलेला नंबर इथेनॉल सांडलं की धुऊन जातो. जाड कागदावर पेन्सिलने लिहून चिठ्ठी आत टाका.