अरॅबिडॉप्सिस वाढवताय? या चुका टाळा

अरॅबिडॉप्सिस थॅलियाना हे मोहरीच्या कुळातलं रानटी तण. रस्त्याकडेला, रेताड, निकृष्ट जमिनीतही आपसूक उगवणारं. तेच प्रयोगशाळेतल्या ट्रेमध्ये आलं की माना टाकतं, आणि बहुतेक वेळा त्याला कारण असतात आपण केलेले फाजील लाड.

सुरुवात पेरणीपासून. बी जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं, हजार बिया मिळून २० मिलिग्रॅमच्या आसपास. त्यावर मोहरीसारखा मातीचा थर दिलात तर उगवणीची वाट बघत बसाल, कारण या बीला रुजायला उजेड लागतो. बी वरच पसरायचं, झाकायचं नाही. चिमटीने टाकलं तर एकाच जागी पन्नास पडतात. पाण्यात कालवून पिपेटने थेंब थेंब सोडलेलं बरं.

उगवण मागेपुढे होत असेल तर बियांची सुप्तावस्था मोडलेली नसते. त्यासाठी ओल्या बिया ४ अंश सेल्सिअसला अंधारात दोन ते चार दिवस ठेवतात. ‘ओल्या’ हा शब्द महत्त्वाचा. कोरडं पाकीट फ्रीजमध्ये ठेवून “थंडी दिली” म्हणणारे मी बरेच पाहिलेत!

ही थंडी आणि फुलण्यासाठीची थंडी मात्र वेगळी, आणि इथे भलेभले गोंधळतात. स्वीडनच्या उत्तरेकडच्या रानटी वाणांना फुलायला कित्येक आठवडे थंडी लागते. त्यांच्यात एफएलसी नावाचं जनुक फुलोरा रोखून धरतं आणि दीर्घ थंडीनेच ते शांत होतं. कोलंबिया या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या वाणात त्या जनुकाला जोर देणारं एफआरआय हे दुसरं जनुक निकामी आहे, म्हणून तो थंडीवाचून फुलतो. तेव्हा रानातून आणलेलं रोप महिनोन्महिने नुसती पानं काढत बसलं, तर खत वाढवू नका. आधी वाण कुठला ते बघा.

कोलंबियाही फुलत नसेल तर टायमर तपासा. १६ तास उजेडात तो साधारण महिन्याभरात फुलांचा दांडा काढतो. ८ तासांवर ठेवलात तर पानांचा झुबका मोठा होतो, फुलोरा बराच लांबतो. पानांवर प्रयोग करायचा असेल तर तेच सोयीचं.

पाण्याबाबत हात आखडता ठेवा. ट्रेमध्ये खालून पाणी द्या, माती भिजली की उरलेलं ओतून टाका आणि वरचा थर सुकू द्या. सतत ओल्या मातीवर शेवाळ चढतं, मग बारीक काळ्या माशा येतात. त्यांच्या अळ्या कोवळी मुळं खातात. ओलावा टिकावा म्हणून ट्रेवर ठेवलेलं झाकणही खरी पानं (पहिल्या दोन बीजपत्रांनंतरची) दिसू लागली की हळूहळू काढायचं, एकदम नाही. पानं जांभळी पडली तर प्रखर उजेड, गारवा किंवा फॉस्फरसची कमतरता यांपैकी काहीतरी असतं.

संकर करताना उमललेलं फूल घेऊ नका. या झाडात स्वपरागण फूल पुरतं उमलण्याआधीच उरकतं, त्यामुळे मिटलेल्या कळीतले सहाही पुंकेसर परागकोश फुटण्याआधी काढावे लागतात.

वाळलेल्या शेंगा हात लागताच तडकतात. शेजारच्या कुंडीत पडलेलं एक बी पुढच्या पिढीत दोन वाणांची भेसळ करून ठेवतं, आणि ती महिन्यांनी कळते. शेंगा पिवळ्या पडू लागताच प्रत्येक झाडावर कागदी पिशवी चढवा आणि नाव पिशवीवरही लिहा, नुसतं कुंडीवर नको.